बाजेएवढी जमीन

रिकामी बाज उलटी करून डोक्यावर घेतलेला माणूस दिसला की आमच्याकडे लोक बोलता बोलता थांबतात. एखादा टोपी काढतो. कुणीतरी हळूच विचारतं, कोण गेलं?

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर दर वर्षी पोळा झाला की पुढच्या आठवड्यात असे दिसायचे. शिरड शहापूरच्या पुढं एका फाट्यावर ते काळी-पिवळी जीपमधून उतरायचे, टपावरची बाज उतरवून घ्यायचे आणि ती डोक्यावर धरून गावातून थेट माळाकडं चालू लागायचे. बाजेला सुंभ नव्हता. नुसते चार पाय आणि चार लाकडं. फाट्यावरच्या चहावाल्यानं पहिल्या वर्षी हात जोडले, तेव्हा सर न थांबता म्हणाले होते, "आज कोनी गेलं न्हाई. मोजाय चाललो."

माळ म्हणजे गावचं गायरान. तिथं पोचल्यावर ते बाज पालथी टाकायचे, चारी पाय आभाळाकडं, आणि त्या चौकटीत जे उगवलेलं असेल ते गुडघ्यावर बसून मोजायचे. किती जाती, कुणाची किती झाडं, कुणाला फूल आलंय, कोण नुसतंच हिरवं आहे. एका बाजेला दोन दिवस लागत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत या कामासाठी लोखंडाची रीतसर चौकट होती. सरांना ती चालत नसे.

बाज त्यांच्या बायकोची होती. सव्वा वर्ष ती अंगणात त्या बाजेवर पडून होती. ती गेल्यावर बाज कुणाला तरी देऊन टाकायची, निदान घराबाहेर काढायची, अशी रीत. सरांनी चौदाव्या दिवशी तिचा सुंभ सोडला आणि ती माळावर नेली. पुसेगावचे त्यांचे भाऊबंद त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरी जेवले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं होतं. सर म्हणाले, "मोठी चौकट पायजे होती. आन ही रिकामी झाली होती." मग बराच वेळ चालल्यावर, मी विसरलो असं वाटून की काय, पुढं बोलले, "तिच्या बाजंखालचं समदं गेलं हो त्या वर्षात. हरळी सुदिक गेली. जागा होती की. ऊन न्हवतं. बाज जराशी हलवावी, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

त्यांचं सगळं वनस्पतिशास्त्र त्या दोन वाक्यांत होतं असं मला आता वाटतं. जागा होती, ऊन नव्हतं.

मी हिंगोलीच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नवा अर्ज, दर वर्षी मार्चमध्ये घरी. स्वतःबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरतं, असं मी आजवर धरून चाललो. सर गेल्याला तीन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मजेमजेच्याच गोष्टी आठवतात, त्या सांगून मी शोकसभेत लोकांना हसवलंही. राहिलेलं सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मजेची गोष्ट आधी सांगतो, कारण तीही तशी मजेची नाही.

एका उन्हाळ्यात वर्गाबाहेरच्या माठावर सरांनी एकच पेला ठेवला. प्रात्यक्षिकाच्या मुलांना सकाळपासून पाण्याला जाऊ दिलं नाही, आणि साडेअकराला सगळ्यांना एकदम सोडलं. दहा मिनिटांत माठ झाकायचा. कोण प्यालं त्याची यादी करायला मला माठाशी उभं केलं होतं. चार दांडगी पोरं दोन-दोन पेले पिऊन गेली, त्यांच्या मागून पाच-सहा जणांना मिळालं, बाकीचे कोरडे. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या चौघांच्या उजव्या हाताला रुमाल बांधून पाठवलं. डाव्या हातानं त्यांना वेळ लागला, आणि वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी सरांनी त्या चौघांना यायलाच मनाई केली. आम्हाला वाटलं आता सगळे पितील. तर त्यांच्या खालची जी चार होती ती पुढं झाली आणि पहिल्या दिवसासारखंच झालं.

सर फळ्यापाशी गेले. "बघितलं का? उपटून टाकलं म्हंजी राज्य संपत न्हाई. दुसरं बसतंय. रोज जरा जरा कातरावं लागतंय." मग त्यांनी फळ्यावर एकच नाव लिहिलं. शेवटच्या बाकावरच्या एका किडकिडीत मुलीचं. तिन्ही दिवस ती माठापर्यंत पोचलीच नव्हती. माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सरांनी मला विचारलं, "तुमी प्यालेले लिवले. न प्यालेलं कोन लिवनार?" तिच्या वडलांची तक्रार आली, प्राचार्यांनी खुलासा मागवला. सरांनी तो कागद प्रात्यक्षिकाच्या वहीत डिंकानं चिकटवला आणि खाली लिहिलं, निष्कर्ष बरोबर.

वर्गात 'तण' हा शब्द उच्चारला की सर त्या मुलाला उभं करायचे आणि दहा तणांची नावं सांग म्हणायचे. सांगता आली की म्हणायचे, "नावं हायेत की त्याइला. मंग तण काहून म्हनतो?"

तर माळावर सर बाज टाकायचे त्या जागा तीन. पहिली उघडी. तिथं गावची गुरं आणि शेळ्या रोज चरत. दुसरी बंद. तिच्याभोवती सरांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, जनावराचं तोंड आत जाऊ नये म्हणून. तिसरीही बंदच, पण तिच्यातली कुसळी सर दर वर्षी हातानं उपटत. कुसळी म्हणजे तेच गवत, ज्याची टोकदार कुसळं धोतरा-पायजम्यात घुसतात आणि घरी आल्यावर एकेक काढावी लागतात. सर ती काढून काडेपेटीत भरून ठेवायचे. कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांच्या घरात अशा चाळीसेक काडेपेट्या निघाल्या.

या कामात त्यांची खरी जोडीदार होती खैरूनबी. गावातलीच, नवरा फार आधी गेलेला, जमीन नाही, वीसेक शेळ्या आणि तो माळ एवढंच तिचं. गावातल्या बाकीच्यांना गुरांसाठी बांध होते, कडबा होता. तिला माळच. ती झाडं ओळखायची शेळ्यांच्या तोंडावरून. हे पांढरी खाते, हे काळी हुंगून सोडते, हे व्यालेलीला द्यायचं नाही. सरांच्या वहीत लॅटिन नावापुढं तिनं सांगितलेलं नाव असायचं आणि त्यापुढं शेळीचं. दोघांची सारखी कुरबुर चाले. एकदा उघड्या चौकटीत सरांना कितीतरी वर्षांनी एक निळं बारीक फूल सापडलं. ते वहीत उतरवायला चष्मा पुसेपर्यंत एका करडानं ते खाऊन टाकलं.

"तुमच्या लेकरानं माझा पुरावा खाल्ला," सर म्हणाले.

"तर मंग लिवा की तसं," खैरूनबी म्हणाली. "तुमी वाचून शाने झाले मास्तर, ते खाऊन व्हईल."

सरांनी खरंच लिहिलं. जातीचं नाव, संख्या एक, आणि शेऱ्यात: खाल्लं. मला म्हणाले, "दिसलं ते लिवायचं. पायजे ते न्हाई." हे त्यांचं पालुपद होतं. मोजणी संपली की वही मिटण्याआधी ते दर वेळी विचारायचे, "समदं लिवलं का?" उत्तर मिळाल्याशिवाय मिटायचे नाहीत.

आता त्या वहीत काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

बंद चौकटीची एका वर्षाला एक पान अशी आठ पानं होती. पहिल्या वर्षी कुंपण घातल्याबरोबर माळ जणू उठून बसला. शेळ्यांच्या दातांखाली ज्यांनी कधी डोकं वर काढलं नव्हतं ती झाडं फुलली. दुसऱ्या वर्षी आणखी. शंखपुष्पी, नीळकंठी, रानमूग, नाव नसलेली दोन-तीन. पान भरून मागच्या बाजूला लिहावं लागलं. तिसऱ्या वर्षी कुसळी कमरेएवढी झाली. तिला खाणारं कुणी नव्हतं. ती वाढली, वाळली, तिथंच आडवी पडली, पुढच्या पावसात तिच्यातूनच पुन्हा उभी राहिली, आणि खाली अंधार झाला. चौथ्या पानापासून नावं गळायला लागली. आठव्या पानावर कुसळी होती आणि तिच्यावर चढलेला एक वेल. उघडी चौकट मात्र, जिथं रोज वीस शेळ्या आणि गावची गुरं तोंड घालत होती, ती बुटकी, खुरटलेली, बघायला काहीच नाही अशी, आणि पान दर वर्षी भरलेलं. तिसऱ्या चौकटीत कुसळी उपटली की दोन वर्षं बरी जात, मग मारवेल हे दुसरं गवत तिची जागा घेई. माठाचीच गोष्ट.

"मोठं गवत वाईट नसतंय," सर म्हणायचे. "त्याला कोनी खानारं पायजे."

सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं की त्या माळाला तारेचं कुंपण घालून वनस्पती उद्यान करावं. फलक, कमान, उद्घाटन. ग्रामसभा अडून बसली होती. चराई बंद केल्यानं माळाचं भलं होईल असा जाणकाराचा कागद आणा, म्हणाली. जाणकार म्हणजे गावाच्या लेखी एकच माणूस, बाजवाले मास्तर. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं, हे पहिल्यांदाच. म्हणाले, अहवाल तुम्ही लिहा, सही सरांची घ्या, तुमचं काम यंदा होऊन जाईल. माझं काम म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो.

मी अहवाल लिहिला. त्यात एकही खोटी ओळ नव्हती. चराई बंद केल्यावर पहिल्या वर्षी इतक्या जाती वाढल्या, दुसऱ्या वर्षी इतक्या. मी फक्त दुसऱ्या वर्षापाशी थांबलो.

त्याच आठवड्यात सरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया वाशिमला झाली. न्यायला-आणायला मीच. परत येताना कनेरगाव नाक्याला ढाब्यावर थांबलो. सर ढाब्याच्या बाजेवर मांडी घालून बसले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. चहा बशीत ओतताना त्यांच्या हाताला बशी सापडेना, मी ती पुढं सरकवली. आणि म्हणालो, सर, माळाच्या रक्षणासाठी एक कागद द्यायचाय, तुमची सही पाहिजे.

"आधी वही वाचा," सर म्हणाले. "मंग कागद."

अहवालासाठी नेलेली त्यांची वही माझ्या पिशवीतच होती, ती काढून मी वाचली. पहिलं पान वाचलं, उलटलं. दुसरं पान वाचलं, उलटलं. मग वही मिटून अहवाल वाचला. शेजारी ट्रकवाले जेवत होते, कुणीतरी कांदा मागत होतं. सर चेहरा जरा वर करून, आंधळी माणसं ऐकतात तसं ऐकत होते.

"समदं लिवलं का?"

"हो सर."

मी त्यांचं बोट धरून कागदावर सहीची जागा दाखवली. सही वाकडी आली. मी कागद पिशवीत घातला आणि चहाचा दुसरा कप मागवला.

दसऱ्याच्या आधी मला कायम केल्याचा आदेश मिळाला. माळाला तार लागली, फाटक लागलं, रखवालदार बसला. पहिल्या पावसाळ्यानंतर माळ खरोखर फुलला. वर्तमानपत्रात फोटो आला, कॉलेजच्या मुली फाटकाशी उभ्या राहून फोटो काढायच्या. अध्यक्षांनी मला सर्वांसमोर हार घातला. सर तारेबाहेर उभे होते. पट्टी निघाली होती, नवीन चष्मा होता. इतकंच म्हणाले, "आजून दोन पावसाळे."

खैरूनबी हिंगोलीला सरांच्या घरी आली ती त्यानंतरच. मी तिथं होतो. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, तुमच्या सहीनं माझा माळ गेला. शेळ्या कुठं नेऊ, ते बी लिवून द्या."

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. हे मला अजून समजत नाही, ते माझ्याकडं एकदा तरी बघू शकले असते. ते म्हणाले, "चुकलं माझं, आपा. बघतो."

आणि खरंच बघायला लागले. ती वही घेऊन हिंडले. ग्रामपंचायत, तहसील, अध्यक्षांचा बंगला. तिसऱ्या पानापासून पुढं वाचून दाखवायचे. समोरचा माणूस ऐकून घ्यायचा, मग फायलीतून अहवाल काढायचा आणि सरांना त्यांचीच सही दाखवायचा. सर, सही तर तुमचीच आहे ना? व्हय, माझीच हाय, ते म्हणायचे. कागद कुणी लिहिला ते कुठंही बोलले नाहीत. मी तेव्हा विभागप्रमुखाच्या खुर्चीत, त्यांच्याच खुर्चीत, बसायला लागलो होतो. वाट बघत होतो की ते कुठंतरी बोलतील आणि एकदाचं होऊन जाईल. ते बोलले नाहीत आणि मी तर बोलणारच नव्हतो.

खैरूनबीनं काही शेळ्या काढून टाकल्या, उरलेल्या ती औंढ्याकडच्या मोठ्या रस्त्याच्या कडेनं चारायला लागली. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी भरधाव टेम्पो कळपात घुसला. नऊ शेळ्या जागीच गेल्या. तिच्या कमरेचं हाड मोडलं.

सरकारी दवाखान्यात ती सात आठवडे होती. सर रोज अकराला डबा घेऊन जायचे. ज्वारीची भाकरी आणि वरण, स्वतः केलेलं, भाकरीला चिरा पडलेल्या. मी एकदा त्यांना गाडीवर सोडायला गेलो आणि वॉर्डाच्या दारात उभा राहिलो. सर खाटेजवळ गेले. खैरूनबीनं त्यांना बघितलं आणि कसंबसं, हातानं खाटेची दांडी धरून, भिंतीकडं तोंड फिरवलं. कमरेला केवढी तकलीफ झाली असेल. सरांनी डबा स्टुलावर ठेवला, पाच मिनिटं उभे राहिले, कालचा रिकामा डबा उचलला आणि परत आले. "खाती," ते मला म्हणाले. "बोलत न्हाई पन खाती."

रोज तसंच, सात आठवडे. मला फक्त सहा पावलं आत जायचं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की आपा, तो कागद माझा. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिलो, आणि पुढच्या दिवशी मला तास होते म्हणून गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही.

दोन पावसाळे झाल्यावर सर मला एकदा तारेपाशी घेऊन गेले. आत कुसळी छातीएवढी होती, वाऱ्याबरोबर सगळी एका बाजूला वाकत होती. दिसायला देखणीच. रखवालदार सरांना आत सोडत नव्हता, त्यामुळं त्यांनी बाज तारेबाहेर, गाडीवाटेच्या कडेला टाकली. तिथं दोन-चार वाट चुकलेल्या शेळ्या तोंड मारून गेल्या होत्या. सर मोजत राहिले, मी नव्या वहीत लिहीत राहिलो. त्या धुळीच्या पट्टीत चौदा-पंधरा नावं निघाली. वही मिटायची वेळ आली. सरांनी नेहमीचं विचारलं नाही. तारेला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आठ पानं हायेत त्या वहीत. नाक्यावर तुमी दोनदाच उलटली."

मी पेनाला टोपण लावलं.

"डोळ्याला पट्टी होती. कानाला न्हवती."

"मग सही का केली सर?"

"मला वाटलं, राहिलेली तुमी घरी जाऊन लिवनार." मग त्यांनी मान हलवली. "न्हाई. तसं बी न्हाई. तुमी अकरा वर्सं तासावर मरून राहिले, ते मला दिसत होतं. तुमाला ऊन लागावं वाटलं. पायजे तेच ऐकलं मी." तारेवरचा हात काढून म्हणाले, "खाली कोन हाय ते बघितलंच न्हाई. दुसऱ्यांदा."

दुसऱ्यांदा म्हणजे काय ते मला बाजेकडं बघितल्यावर समजलं.

त्यानंतर ते माळावर गेले नाहीत. काडेपेट्या भरणं थांबलं. मी घरी जायचो तेव्हा अंगणात, पूर्वी बाज असायची त्या जागी, खुर्ची टाकून बसलेले असायचे, आणि दर थोड्या वेळानं उठून खुर्ची हातभर सरकवायचे. एका मार्चमध्ये त्या खुर्चीतच गेले. पुसेगावचा पुतण्या आला होता, त्यानं सामान आवरताना बाज आणि वह्या माझ्या हवाली केल्या. तुम्हीच त्यांचे जवळचे, म्हणाला.

बाज माझ्या गच्चीवर पडून आहे. तीन वर्षं. वाळवणाच्या दिवसांत बायको म्हणते, सुंभ भरून घ्या की हिला.

गेल्या महिन्यात मी गावात गेलो. उद्यानाची कमान आहे, फलकावरची अक्षरं उन्हानं गेली आहेत. फाटक उघडंच, रखवालदार कधीच सोडून गेला. उद्घाटनाच्या वर्षी फोटोत असलेलं आत काही नाही. कुसळी आहे. काठाकाठानं गाजर गवत शिरतंय. खैरूनबीला मी तिच्या दारात गाठलं. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, शेजारी एक शेळी बांधलेली. मला ओळखलं. "लहान सर काय? बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. अध्यक्षांची केबिन, कनेरगावचा ढाबा, दोन पानं, सही, आदेश. दवाखान्याचं दारही सांगितलं. सांगायला चार-पाच मिनिटं लागली असतील. एवढंच होतं ते. ती शेळीकडं बघत ऐकत होती.

मग म्हणाली, "त्यो मास्तर सात आठवडे डबा घेऊन आला. मी भित्तीकडं तोंड करून पडले." शेळीचं दावं जवळ ओढत म्हणाली, "आता ते तोंड कुठं फिरवू? सांग."

ती शिव्या देईल, निदान जा म्हणेल, या तयारीनं मी गेलो होतो. ती म्हणाली, "वही हाय का?"

वही पिशवीत होती.

"तू सोडली ती वाच."

मी बसलो आणि तिसऱ्या पानापासून वाचायला लागलो. सरांच्या अक्षरात, तिच्याच नावांनी. एकेक नाव आलं की ती हळूच म्हणायची, हे पांढरीचं. हे व्यालेलीला चालत न्हाई. हे काळी खायची, काळी टेम्पोखाली गेली. पाचव्या पानावर नावं निम्म्यावर आली. सहाव्यावर तिला बोलायला फार काही उरलं नाही. आठव्या पानावर मी वाचलं, कुसळी, आणि वेलाचं नाव. थांबलो.

"पुढं?"

"पुढं कोरं आहे, आपा."

ती भिंतीकडं वळली नाही. माझ्या हातातल्या वहीकडं बघत म्हणाली, "उलट तरी."

मी उलटलं.